वेगळ्या जातीची गोमाशी

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं, तेव्हा सांडोरच्या आमच्या केळीच्या बागेत एक चष्मेवाला शिरला. त्याच्या हातात राळेचा पिवळा खडा होता आणि खड्यात अडकलेली गोमाशी. म्हणाला, "माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीची आहे. आजच्यांहून वेगळी निघाली तर नवी जात! नाहीतर माझी नऊ वर्षं वाया."

"इतकी जुनी, ती नवी कशी हो?" मी गोंधळलो.

त्याने उत्तराऐवजी बाही सारली आणि माशी चावायला यावी म्हणून आमच्या बैलाशेजारी हात धरला. आमच्या गोमाश्या चिमणीएवढ्या! शेरभर रक्त गेलं, पण त्याने एक पकडलीच. भिंगाखाली दोघींच्या पंखांच्या शिरा मोजल्या आणि ओरडला, "जात वेगळी आहे!"

पाण्याचा तांब्या आणणारी आई थबकली. "तुमची का माशीची?"

"माशीची!"

"मग प्या पानी."

तो 'माझी' म्हणाला असता, तर आईने तांब्या पुढे केला असता का, हे मला आजही कळत नाही.