इंजिनाला नैवेद्य

दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला मिळालं की ज्याचा चेहरा घरात सोयरीक जमल्यासारखा फुलतो, असा माणूस जगात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. निपाणीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण विद्यार्थी सांगतात की नदीचा उगम शिकवतानासुद्धा गुरुजी शेवटी ऑइल पंपावर यायचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते मला ‘पावणं’ म्हणतात. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी मी त्यांच्या लेखी अजून पाहुणाच आहे, कारण मला अजून स्पार्क प्लग नीट बसवता येत नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टायरची हवा मोजायचं यंत्र असतं. लग्नकार्यात माणसं जेवणाच्या पंगतीकडे जातात, अण्णा पार्किंगकडे. चिकोडीच्या एका लग्नात वरात निघायच्या बेतात असताना ते फुलांनी मढवलेल्या गाडीला आडवे उभे राहिले. “मागचं डावं चाक बसलंय. ह्या हवेवर नवरी न्यायची न्हाय.” वरपिता काकुळतीला आले, “गुरुजी, हळूच नेतो की!” “हळूच न्या न्हायतर पळवत न्या, चाकाला काय कळतंय?” असं म्हणून अण्णांनी धोतराचा काचा मारला आणि स्टेपनी स्वतः बदलली. नवरी रडायचं विसरून बघत राहिली. त्यांना इंजिन ऑइल बदलायला भांडं लागतं, आणि एकदा आक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पुरणाची परात त्यांच्या हाती लागली. त्या पाडव्याला त्यांच्या घरी पुरणपोळी झाली नाही, आणि आक्कांनी परातीवर रंगानं स्वतःचं नाव घालून घेतलं. एअर फिल्टर पायरीवर आपटून त्यातली धूळ ते तळहातावर घेतात, हुंगतात आणि सांगतात, “ही निपाणीची तंबाखू, ही सांबऱ्याची तांबडी माती. इमानतळाकडं कुणाला सोडाय गेलतासा?” गेलो होतो, हे खरं निघतं. माणसांशी ते मराठीत बोलतात, पण गाडीशी कानडीत. आजारी गाडीच्या टपावर हात ठेवून “याकव्वा, एनातु?” म्हणजे ‘का गं बाई, काय झालं?’ असं इतक्या मायेनं विचारतात की मला माझ्या गाडीपुढे ओशाळल्यासारखं होतं.

ओशाळणं हा माझा मूळचा स्वभाव. चौकात पोलीस दुसऱ्याला थांबवतो आणि मी कागदपत्रं काढून ठेवतो. अशा माणसाच्या गाडीत पिवळा दिवा पेटला की त्याचं काय होत असेल! स्पीडोमीटरशेजारी इंजिनाचं ते छोटं चित्र उजळलं की मला आपली सगळी पापं आठवतात: थंडीत इंजिन गरम न होऊ देता दिलेली रेस, पुढे ढकललेलं सर्व्हिसिंग, येळ्ळूरच्या रस्त्यावर न दिसलेला खड्डा. एकदा तर माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझी ती तगमग बघवेना म्हणून कपाळाची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. “आता बघू नका तिकडं,” म्हणाली. अण्णांनी ती टिकली पाहिली आणि नखानं हळूच सोडवून सुनंदाच्या हातावर ठेवली. मग म्हणाले, “सुनंदा, पोरगं रडाय लागलं की तू कानात कापूस घालतीस व्हय गं?”

त्यांच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. स्टेअरिंगच्या खाली ते खोचायचं, की गाडीचं दुखणं मोबाईलवर आकड्यांत उमटतं. पण अण्णा आकडा आधी बघत नाहीत. आधी वैद्यासारखे प्रश्न विचारतात: पेट्रोल कुठं भरलं, लोंढ्याकडच्या चढाला ओढते का, सकाळी पहिल्या चावीला खोकते का. “आकडा नुसता गल्ली सांगतोय,” ते म्हणतात, “घर आपण हुडकायचं.” मग आकडा वाचतात, एकेक वायर बोटानं चाचपत जातात, आणि पार्ट बदलायचं नाव सगळ्यात शेवटी काढतात.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं त्यांची जुनी गाडी काढून विजेवरची आणली. अण्णांनी हौसेनं बॉनेट उघडलं. आत एक झाकलेली पेटी आणि काच धुवायच्या पाण्याची बाटली. त्यांनी बाटली भरली आणि बॉनेट लावलं. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं बेळगावला यायला लागले. माझी चौदा वर्षांची गाडी ही त्यांना हात घालता येईल अशी शेवटची गाडी उरली होती. आणि सुनंदानं आणि मी ती दिवाळीला एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरवलं होतं. अण्णांना हे कसं सांगायचं या विचारानं माझी झोप उडाली होती.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी गाडी धुवून, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा होते. अण्णांच्या मते ही वरवरची पूजा. खरा देव बॉनेटखाली. त्यांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, आणि बॅटरीशेजारी द्रोणात चुरमुरे, डाळं आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी द्रोण उचलायला गेलो तर हात धरला. “पावणं, देव जेवाय बसला की लगेच ताट वडून घेतासा काय? ऱ्हाऊ द्या रातभर.” दुसऱ्या दिवशी ते निपाणीला गेले आणि द्रोण सगळेच विसरलो.

आठवड्यानं लोंढ्याहून येताना दिवा पेटला. अण्णा आले. प्रश्न झाले, आकडा निघाला: एक्झॉस्टवरच्या ऑक्सिजन सेन्सरचा. वायर चाचपत त्यांचं बोट बॅटरीखाली गेलं आणि थांबलं. तिथे कापसाचं, कागदाचं मऊ घरटं होतं, त्यात चुरमुऱ्याचे तुकडे, आणि वर कुरतडलेली वायर. नैवेद्य देवाला पोचलाच नव्हता. उंदरांना विष घालायचा प्रश्न आम्हा जैनांच्या घरी येत नाही. “त्येंची काय चूक? ताट मीच वाढलंतं,” असं पुटपुटत अण्णांनी वायर जोडली, दिवा विझवला, पिंजरा लावायला सांगितला. मग पिशवी भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुनंदानं सांगितलंय मला, गाडी द्यायची म्हणून. द्या. माझा हात आता बरोबर न्हाय ऱ्हायला.”

उंदीर पकडून मी येळ्ळूरच्या शिवारात सोडून आलो. शोरूमला फोन करून नको म्हटलं. सुनंदानं नव्या गाडीचं माहितीपत्रक रद्दीत टाकलं आणि ती म्हणाली, “बरं झालं.” एवढं करूनही दुसऱ्या शनिवारी अण्णा आले नाहीत. फोनवर म्हणाले, “गाडी बरी चालतीय न्हवं? मग कशाला येऊ?”

पुढच्या महिन्यात मी बॉनेट उघडलं, हवेच्या नळीवरच्या सेन्सरची क्लिप दाबून जोडणी सोडवली, आणि गाडी चालू केली. दिवा पेटला. “अण्णा, परत लागलाय बघा,” मी फोनवर सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यानं ते दोनदा सांगितलं. त्यांना ती काळजी वाटली असावी.

ते पहिल्या एसटीनं आले. प्रश्न विचारले. आकडा वाचला. नळीपाशी गेले, सुटलेली जोडणी हातात घेतली, चष्मा वर करून बराच वेळ बघितली.

“दात न्हाय, नख न्हाय,” ते म्हणाले. “लई शाणी उंदरं हायती तुमच्या घरची. क्लिप दाबून काढत्यात.”

सुनंदा चहा आणायच्या निमित्तानं आत पळाली. मी जमिनीकडे बघत राहिलो. अण्णांनी जोडणी बसवली, टपावर हात ठेवून कानडीत काहीतरी विचारलं, आणि दिवसभर राहिले.

त्यानंतर एकही दुसरा शनिवार चुकलेला नाही. कधी दिवा खरंच लागतो, कधी उंदरं लावतात. अण्णांची बोटं हल्ली थरथरतात, बारीक नट हातातून सुटून खाली जातो आणि मी गाडीखाली शिरून तो शोधतो. परवा त्यांनी ती जोडणी दोनदा बसवून पाहिली. बोटात जोर राहिला नव्हता. मग ते बाजूला सरकले आणि माझ्याकडे टॉर्च मागून त्याचा उजेड नळीवर धरला.

“तुम्हीच लावा, पावणं,” ते म्हणाले. “ह्या क्लिपची सवय तुम्हाला जास्त हाय.”