टेबलावर कोण हाय

सुमन, सोनपेठ सोडलं त्या दिशी तू गाडीच्या खिडकीला धरून म्हणालीस, "अक्का, सर्जनच्या माय झालाव, आता जावंला वळखताव का?" समदे हासले. मी बी हासले. लेकानं, मिलिंदनं, घराला कुलूप घातलं, किल्ली माज्या पदराला बांधली.

पुण्यात घर लय वर. खिडकीतून खाली मान्सं दिसायची न्हाईत, नुसते गाड्याचे टप. लेकाला मोठ्या दवाखान्यात नौकरी, पगार चांगला. पर कापायचे मोठे डाक्टर. ह्यो नुसता कापल्यालं मास बाजूला धरून उभा. एवढी वर्सं शिकून धरायचंच काम. जेवताना बी बोलत नसे.

मंग त्याचं हात धुणं सुरू झालं. सुट्टी असू दे, भर दुपार असू दे, बेसिनपाशी कोपरापस्तोर घासायचा. मंग दोनी हात वर करून उभा ऱ्हायचा, आपरेशनला जाताना ऱ्हातेत तसा. कोपरावरनं पाणी टपटप फरशीवर. पापणी लवत न्हवती.

त्याचा बाप ऊस तोडायचा. म्हणायचा, "राबत्या हाताला काम न्हाई दिलं, तर त्यो मालकालाच खातो." मला त्येच आठवलं.

एकदा ईचारलं, "मिलिंद, कुणाची वाट बघायलास?"

"हळू बोल, आई. आत टेबलावर पेशंट हाय."

आत माजी खोली व्हती. माजंच अंथरूण.

मी रडले बिडले न्हाई. धुतलेला टावेल त्याच्या हातावर टाकला. तवा हात खाली आले. माज्याकडं बघून म्हणाला, "तू कवा आलीस?"

सकाळी त्याला म्हणाले, "आपल्या सोनपेठजवळ, गंगाखेडला चल. तिथल्या ल्हान दवाखान्यात कापायला तूच असशील."

"तिथं भूल द्यायला डाक्टर रोज मिळत न्हाई, आई."

"मिळंल त्या दिशी काप."

आता गंगाखेडातच हाव. पगार कमी. भूल देणारी डाक्टरीण परभणीहून येती, त्या दिशी लेक सोता कापतो, सोता शिवतो. घरी येऊन भाकरी मागून खातो, माज्या कालवणाला नावं ठिवतो. लय बरं वाटतं.

ती येत न्हाई, त्या दिशी कवा कवा नळ लय येळ वाजतो.

किल्ली अजून पदरालाच हाय, सुमन. तू फोनवर ईचारतीस, घरी कवा येताव? त्याचे हात जिथं खाली येतेत, ते माजं घर. नळ वाजला की टावेल घेऊन उठते. पर आधी माज्या खोलीत डोकावते. अंथरूण रिकामं हाय का, बघते.