घराच्या पोटात शिरणाऱ्या निर्मलामावशी

निर्मलामावशी देवस्थळी यांना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकी त्या अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या घराखाली होत्या.

तेव्हा आमची सहा वर्षांची ईरा रोज संध्याकाळी धापा टाकायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावून आम्ही नवराबायको तिच्या पुढच्या श्वासाची वाट पाहायचो. "घरात ओल आहे का?" डॉक्टरांनी विचारलं आणि इथल्या मराठी मंडळातल्या एका स्नेह्यांनी मावशींना धाडलं. घरं तपासणं हाच त्यांचा व्यवसाय.

इकडच्या अनेक घरांच्या लाकडी जमिनीखाली रांगत जाण्यापुरती पोकळी असते, क्रॉलस्पेस. दहा वर्षं त्या पोकळीवर राहून मी एकदाही खाली डोकावलो नव्हतो.

मावशी बाहेर आल्या, कोपरं चिखलाने माखलेली. "ओल रोखायला अंथरलेलं प्लॅस्टिक फाटलंय, माती उघडी आहे. तुळयांवर बुरशी धरलीय." मग स्वयंपाकघरात येऊन थबकल्या. "चुलीवरचा हा पंखा किती वेळ चालतो?"

"दिवसभर," बायको म्हणाली. "फोडणीचा वास कपड्यांना बसतो ना, मावशी. ऑफिसात नाकं मुरडतात. शेजाऱ्यांना नको म्हणून खिडक्याही बंदच असतात."

मावशींनी पंखा बंद केला. "हा घरातली हवा बाहेर फेकतो. खिडक्या बंद. मग नवी हवा येणार कुठून? जमिनीच्या फटींतून! खालची घाण तुम्हीच वर ओढताय, आणि पोरगी ती श्वासात घेतेय."

मंडळी, आता माझ्याकडे बघा. स्वाभिमानावर तासन्‌तास व्यासपीठ गाजवणारा मी! हिंगाच्या वासाची लाज वाटली म्हणून स्वतःच्या मुलीचा श्वास कोंडत होतो. तुमच्यापैकी किती घरांत आज तोच पंखा फिरतो आहे, या विचाराने मला धडकी भरते.

"भाषण नंतर करा," मी हळहळू लागताच मावशी म्हणाल्या. "आधी फटी बुजवा. आणि फोडणी करताना खिडकी उघडा."

पुढचा महिनाभर त्या दर शनिवारी आल्या. नवं प्लॅस्टिक अंथरून घेतलं, दमटपणा शोषणारं यंत्र बसवून घेतलं आणि दर वेळी स्वतः खाली शिरून काम पाहिलं.

ईराने भीत भीत विचारलं, "मावशी, इज देअर अ मॉन्स्टर डाउन देअर?"

"होता. प्लॅस्टिकखाली गाडून टाकला," मावशी गंभीरपणे म्हणाल्या.

ईराची शिट्टी थांबली. तरी हवा दमट झाली की मी अजून तिच्या पाठीला कान लावतो. ही भीती मला जाऊ द्यायचीही नाही.

आज मावशी साठ वर्षांच्या होत आहेत, आणि मला नवी धास्ती लागली आहे. गेले काही दिवस त्या खोकत आहेत. डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर म्हणाल्या, "दोन घरं बाकी आहेत रे."

मावशी, घरं थांबतील. आमची मुलं तुमच्यामुळे मोकळा श्वास घेतात. आता आधी स्वतःची छाती तपासून घ्या, तोंडाला मास्क लावल्याशिवाय कुठेही शिरू नका, आणि अजून चाळीस वर्षं ठणठणीत राहून आम्हाला अशाच रागवत राहा.