बायकांच्या डॉक्टर, करुणाताई

नव्या पेशंटच्या हातात गाऊन द्यायचा नाही, अशी करुणाताईंच्या दवाखान्यात नर्सना सक्त ताकीद होती. इतर ठिकाणी बाई खोलीत शिरली की पहिल्यांदा तिला कपडे उतरवायला लावतात आणि मग ती तो पातळ, पाठीमागे उघडा गाऊन घालून कुडकुडत डॉक्टरांची वाट बघत बसते. करुणाताईंना ते चालायचं नाही. त्या म्हणायच्या, "उघडीवाघडी बसवलेली बाई काय सांगणार? लवकर सुटायचं म्हणून सगळ्याला नो, नो म्हणते. आधी अंगभर कपड्यांत बसू दे तिला. बोलू दे. तपासायचं मागाहून."

मीसुद्धा त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले ती अशी, स्वेटर आणि जाडजूड कोटासकट. अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये थंडीचे दिवस होते. आदल्या आठवड्यात मी ऑफिसच्या पँट्रीत चक्कर येऊन पडले होते. नवरा, समीर, घाबरून मला घेऊन आला होता. दारातून एक बुटकीशी, पिकल्या केसांचा बॉबकट केलेली बाई आत आली. डॉक्टरी कोटावर तिनं घरी विणल्यासारखा दिसणारा करडा स्वेटर चढवला होता. डॉ. करुणा सोमकुंवर, मूळच्या नागपूरच्या. माझं नाव वाचून म्हणाल्या, "मराठी का? कुठल्या तुम्ही?"

"कऱ्हाडची."

"छान. सांगा, काय होते?"

मी तोंड उघडायच्या आत समीर म्हणाला, "तिला थोडा वीकनेस आहे, डॉक्टर. ऑफिसचा स्ट्रेस खूप असतो."

त्यांनी त्याच्याकडे प्रेमळपणे पाहिलं. "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसून कॉफी घ्या. इथल्या मशीनची कॉफी फार वाईट आहे, पण वेळ जातो."

समीर गेला. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"पाळीत किती जातं?"

"नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे? रात्री बदलायला उठावं लागते?"

"दोनतीनदा. म्हणजे, सगळ्यांनाच लागत असेल ना."

"नाही लागत, बाई."

एवढंच म्हणाल्या. माझ्या आईचं असंच होतं, मावशीचं असंच होतं. गाडीच्या डिकीत काळी पँट ठेवायची, सीटवर टॉवेल अंथरायचा, मीटिंग संपली की सगळे बाहेर पडेपर्यंत लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसून राहायचं, हे सगळं म्हणजेच बाईचा जन्म, असं मी धरून चालले होते. मला रडू फुटलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि एकदम 'अगं'वर आल्या. "काऊन गं? इतकी वर्षं कोणाला बोलली काऊन नाही?"

मी टिश्यूवर टिश्यू ओढत राहिले. पुढे त्यांना हा प्रश्न कितीतरी बायकांना विचारताना मी ऐकला, आणि कोणाकडेच उत्तर नसायचं.

रक्त अगदीच कमी निघालं. अल्ट्रासाउंडमध्ये गर्भाशयात गाठी दिसल्या. तपासणीच्या टेबलावर पसरलेल्या कागदावरच त्यांनी पेनानं चित्र काढून मला समजावलं. "ही पिशवी. ह्या गाठी. कॅन्सरच्या नाहीत. बाकीचे डॉक्टर फळांची नावं घेतात, लिंबाएवढी, संत्र्याएवढी. मी नागपूरची आहे, संत्र्याला ह्यात नाही ओढणार." मी त्या अवस्थेतही हसले. तिकडे सासूबाई फोनवरून सांगत होत्या की पिशवी काढून टाक, आमच्याकडे बहुतेकींनी काढली. मलाही ते पटलं होतं. मी म्हटलं, "काढूनच टाका ना, डॉक्टर. सुटेन एकदाची."

"काढता येते. त्यात चूक काहीच नाही. गोळ्या आहेत, आत बसवायचं औषध आहे, नुसती गाठ काढायचीही सोय आहे. पण आज तू दमली आहेस म्हणून असं म्हणून राहिली. आधी शिरेतून लोह देऊ, अंगात रक्त येऊ दे. मग ठरव. दमलेल्या बाईला मी एवढं मोठं काही ठरवू देत नाही."

काही महिन्यांनी, जिने चढताना धाप लागेनाशी झाल्यावर, मी ठरवलं. पोटावर छेद न देता, खालच्या वाटेनं त्यांनी त्रास देणारी गाठ तेवढी काढली. त्यानंतर मी पहिली खरेदी केली ती पांढऱ्या सलवारीची.

तेव्हापासून त्या माझ्या करुणाताई झाल्या. त्यांचे यजमान वारले होते. मुलगी, मैत्री, देशाच्या पश्चिम टोकाला क्युपर्टिनोला नोकरी करायची. घरी बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीत चिनीमातीच्या कुंडीत वाढवलेलं, कधीच फळ न धरलेलं संत्र्याचं रोप. महिन्यातून एका रविवारी बौद्ध मंडळी एका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये वंदनेला जमायची. वंदना झाली, जेवणं झाली की करुणाताई बायकांना एका कोपऱ्यात गोळा करायच्या. हळूहळू आमच्यासारख्या इतरही बायका तिथं जाऊ लागल्या. कोणी पुण्याची, कोणी मुंबईची, कोणी नागपूरची. सुरुवातीला सगळ्या माना खाली घालून बोलायच्या. एकदा एक मुलगी म्हणाली, "ताई, खाली दुखतं."

"खाली म्हणजे कुठं? बेसमेंटमध्ये?"

हशा पिकला. तो ओसरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "नाव घे. आपल्याच शरीराचं नाव आहे, शिवी नाही." आणि त्या मुलीनं नाव घेतलं, लग्नाला तीन वर्षं होऊनही नवऱ्याजवळ जाताना किती दुखतं ते सांगितलं. तिला कोणी तोवर 'रिलॅक्स हो' ह्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. त्याला उपचार आहे. उद्या ये." बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि एक थेंब जरी दिसला, तरी मला फोन करायचा. मग घरात लग्न असो की पाहुणे."

ते शेवटचं वाक्य त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या. का म्हणायच्या, ते मला उशिरा कळलं.

त्यांची आई त्या लहान असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते मोठ्या बहिणीनं, शांताताईंनी. त्या नागपुरात शाळेत शिकवायच्या. धाकटीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी स्वतःचं लग्न बरंच लांबवलं. करुणाताई अमेरिकेत आल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. जेवण, शेजारणी, मैत्रीची शाळा, कुलरला पाणी घातलं की नाही, तासभर चालायचं. मग भाचीचं, शांताताईंच्या मुलीचं, लग्न ठरलं आणि करुणाताई नागपूरला गेल्या. हळदीच्या दिवशी बहिणीच्या मोरीत त्यांना दोरीवर आडोशाला वाळत घातलेल्या जुन्या कापडाच्या घड्या दिसल्या. घरात पाळी येणारी बाई एकच, भाची, आणि ती तसलं कापड वापरत नव्हती.

शांताताईंना वर्षभर रक्त जात होतं. पाळी बंद होऊन दहापंधरा वर्षं झाल्यावर. पिशवीचा कॅन्सर होता आणि तो पुढे गेलेला होता. करुणाताईंनी रजा वाढवली, पुन्हा वाढवली, आणि बहिणीला पोचवूनच परतल्या.

हे त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं. मी नेहमीच्या तपासणीला गेले होते. त्या चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसत होत्या, कितीतरी वेळ.

"मी तिला म्हटलं, ताई, तुझी बहीण हेच काम करते गं. साऱ्या जगाच्या बायका मला सांगतात. तू काऊन नाही सांगितलं? तर म्हणते कशी," त्या थांबल्या. "म्हणते, तू दिवसभर तेच ऐकत असशील. माझ्याशी तरी तुला दुसरं काही बोलायला मिळावं, म्हणून नाही सांगितलं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "चल, तुझं बघू."

शांताताई गेल्यापासून त्या भेटेल त्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायला लागल्या होत्या. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या कुठं यायच्या नाहीत. नायगाराला नाही, मॉलमध्ये नाही. दिवसभर खुर्चीत. बोलल्या तर तुसडेपणानं. इथं त्यांना करमत नाही, आमचं काही आवडत नाही, असं आम्ही समजून चाललो होतो. एका शनिवारी करुणाताई जेवायला आल्या. सासूबाई मेथी निवडत होत्या. ताई शेजारी बसून मेथी निवडू लागल्या. मला म्हणाल्या, "तू चहा टाक." मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं सासूबाईंचा दबका आवाज आला.

"अंग बाहेर येतंय हो. समीरच्या बाळंतपणापासून थोडं होतं. आता चाललं की येतं, खोकलं की येतं. कापड बांधते. आता ह्या वयात कुणाला सांगायचं?"

"मला सांगितलं ना. झालं. ह्याला एक मऊ कडी असते, आत बसवायची. ऑपरेशन नको, काही नको. सोमवारी येता?"

"दुखंल का?"

"दुखलं तर मला रागवा."

सोमवारी कडी बसवली. महिनाभरात सासूबाई मॉलमध्ये आमच्या पुढे चालत होत्या. एका संध्याकाळी त्या टीव्हीसमोर एकदम खो-खो हसल्या. समीर वरच्या खोलीतून धावत खाली आला. "आई हसतेय?" आईला असं हसताना त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. हसलं की अंग बाहेर यायचं, म्हणून ती इतकी वर्षं हसत नव्हती. मी ते त्याला सांगितलं. तो गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ बंद गाडीत बसून राहिला.

गेल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला, हॉलमध्ये जेवणं झाल्यावर, करुणाताई नेहमीप्रमाणे कोपऱ्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आज माझं सांगते. माझ्या अंडाशयात कॅन्सर आहे. पोटभर पसरला आहे."

एकीनं विचारलं, "ताई, पण तुम्हाला कसं नाही कळलं?"

"पोट फुगल्यासारखं वाटलं, जेवण जाईना, तेव्हा लगेच तपासून घेतलं. त्याच्याआधी त्यानं काही कळूच दिलं नाही. हा तसाच आहे, फार उशिरा बोलतो. म्हणून सांगून ठेवते, 'डॉक्टर असून दुर्लक्ष केलं' असं माझ्यामागे कोणी म्हणायचं नाही." मग चेहरे पाहून म्हणाल्या, "रडा. रडायला मी नाही म्हटलं नाही."

ऑपरेशन झालं, केमो झाली. बॉबकट गेला. थोडे दिवस बरे गेले, मग औषध लागू पडेनासं झालं. ह्यापुढे घरीच राहायचं, असं त्यांनी ठरवलं. आम्ही बायका आळीपाळीनं जायचो, पेज करायचो, पाय चेपायचो. मैत्री क्युपर्टिनोहून येऊन राहिली होती. तिशीतली, उंच, कमी बोलणारी मुलगी. तिला मराठी जेमतेम कळायचं. आईचं आणि तिचं फार गूळपीठ कधीच नव्हतं. तिच्या लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला कोणाचं तरी बाळंतपण निघायचं, असं ती एकदा भांडी लावताना मला इंग्रजीत म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती सांगावी तसं.

शेवटी शेवटी औषधांच्या गुंगीत करुणाताईंचं इंग्रजी गेलं. उरली ती लहानपणची नागपुरी. त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. मैत्री पलंगाजवळ बसली होती आणि मी पायथ्याशी. करुणाताईंनी डोळे उघडले, मैत्रीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठं दुखून राहिलं, बाई?"

मैत्रीनं माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट डिड शी से?"

मी सांगितलं, तुला कुठं दुखतंय, असं विचारतायत.

मला वाटलं, मैत्री आता उठून जाईल. पण ती आईकडे बघत, इंग्रजीत, हळू आवाजात बोलायला लागली. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात बाळ गेलं. तेव्हा आईची केमो चालू होती, म्हणून सांगितलं नाही. ती त्या आठवड्यात सामान हलवत होती, विमानानं फिरत होती, कदाचित त्यामुळेच झालं असेल. ती रोज त्याचाच विचार करते.

करुणाताईंनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी वाकून म्हटलं, "ताई, तिचं बाळ गेलं. चौथ्या महिन्यात. तिला वाटतंय, तिच्यामुळे गेलं."

त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. मैत्रीनं तो हातात घेतला. करुणाताई एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "तुझ्यानं काही नाही झालं, बाई. उचलल्यानं नाही, फिरल्यानं नाही. तू काही केलं नाही." मग श्वास घेतला आणि म्हणाल्या, "किती दिवस एकटीच घेऊन बसली."

मी ते मैत्रीला इंग्रजीत सांगितलं. मैत्रीनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. करुणाताईंचा हात तिच्या पाठीवर हळूहळू फिरत राहिला, त्यांना झोप लागेपर्यंत.

त्यांनी लेकीला ओळखलं होतं, की ती त्यांना दवाखान्यात आलेली कोणी पेशंट वाटली होती, हे मला अजून कळलेलं नाही. मैत्रीनंही मला ते कधी विचारलं नाही.