भाऊजींच्या टाकीचा तळ

मोताळ्याच्या बाजारात भेंडी निवडत होतो, तेव्हा ताईचा फोन आला. "मासे सगळे जिते हायेत रे…" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी शेजारणीनं फोन हातात घेऊन सांगितलं, भाऊजी गेले. आधी मासे, मग नवरा! महिना होत आला, तरी ते आठवलं की माझा आधी संताप होतो आणि मग रडू येतं.

भाऊजी सोनाळ्याकडचे, खारपाणपट्ट्यातले, विहिरीला खारंच पाणी. त्या पाण्यानंच किडन्या गेल्या, असं ते म्हणत. डायलिसिससाठी दोघांनी बुलढाण्यात खोली केली. दिवसाकाठी मोजकंच पाणी प्यायची मुभा, आणि हा माणूस माशांच्या काचेच्या टाकीतलं पाणी बघत बसायचा! मला ते बघवत नसे. ते दवाखान्यात असताना आधीचे मासे मेले होते. आता नवे आणायचे, आणि हे जगले तर आपणही जगू, असं त्यांनी मनाशी धरलं. त्याआधी टाकीचा तळ बदलायचा होता. दुकानातल्या रंगीत खड्यांचा रंग सुटतो, बारीक वाळूत घाण कुजते… त्यांचं काही ठरेना, आणि कुणी विचारलं की अंगावर यायचे.

ताईनं परस्पर ठरवलं. गावी जाऊन नाल्यातले पांढरेशुभ्र खडे आणले, सुपात निवडले, पाणी नितळ होईस्तोवर धुतले. गावचं काहीतरी डोळ्यांसमोर राहील, हा तिचा भाबडा हिशोब. भाऊजींनी लिंबू मागितलं आणि एका खड्यावर पिळलं. खडा फसफसला.

"पाह्य, चुनखडी हाय. हे पाण्यात उतरते, मासे मरतीन."

"आपल्या गावचे हायेत जी…"

"म्हणूनच! मले खाल्लं त्या पाण्यानं, आता याइले बी खाऊ द्याचं काय?"

त्यांचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ताईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मध्ये पडायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी खदानीतली बारीक काळी गिट्टी आणली. तिच्यावर लिंबू पिळलं, फेस आला नाही, तीच टाकीत गेली आणि मागून नवे मासेही.

"मंग हे फेकू काय?" ताईनं पांढऱ्या खड्यांकडे बघत विचारलं.

"फेकते काऊन? माह्या उशाशी ठेव. मले आता काय करतीन ते?"

ताई उठून आत गेली. मी टाकीकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं.

परवा ताईकडे गेलो, तर काळ्या तळावर एकच पांढरा खडा दिसला. मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "एकानं काई होत नाई… पण भेव वाटते. सकाळी टाकते, दिवेलागणीले काढून घेते."

दिवेलागणीला तिनं बांगड्या वर सारून हात पाण्यात घातला. मासे झटकन बाजूला झाले. खडा तिनं पदराला पुसला, पलंगाच्या उशाशी ठेवला आणि रिकाम्या उशीकडे बघून हळूच म्हणाली, "काढला जी."