वर केलेली बाही

माझी भाची सई भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा कुर्ता घालते. हातांची कातडी नखांनी उकरत राहणं ही आता तिची नुसती खोड राहिलेली नाही, तो आजार झाला आहे. कोणाला तरी दाखवायचा धीर व्हायला तिला फार दिवस लागले. काल त्वचारोगाच्या डॉक्टरांसमोर तिने स्वतःहून बाही कोपरापर्यंत वर केली.

डॉक्टरांनी ओझरतं पाहिलं आणि ते कॉम्प्युटरकडे वळले. आजारांच्या ठरलेल्या यादीतला क्रमांक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

"हे मनाच्या आजारांत धरतात," ते शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"पण जखमा तर कातडीवर आहेत ना!"

मग दोघांनीही स्क्रीनमध्ये डोकं घातलं. पत्रिकेतल्या शनीला घर देतानाही इतका खल होत नसेल. दुखणं कुठल्या खणात ठेवायचं हे ठरेपर्यंत दुखणाऱ्या माणसाकडे बघायचंच नाही, ही कसली विद्वत्ता?

"सर," सई म्हणाली, "क्रमांक सापडला की सांगा. तोवर बाही खाली करू?"

"करा, करा," ते मान न वळवता म्हणाले.

थोड्या वेळाने क्रमांक सापडला. दोघेही प्रसन्न चेहऱ्याने वळले, तेव्हा सईने मनगटाचं बटणसुद्धा लावून टाकलं होतं.