आधी नाव, मग हात

आमच्या तरुण संघाची उपासना चर्चच्या आवारातल्या नळावर सुरू होत असे. शनिवारी दुपारी साडेतीनला आम्ही पंधरा-सोळा जण बाह्या दुमडून रांगेत उभे राहायचो, आणि एस्तेरमावशी साबणाची वडी हातात घेऊन प्रत्येकाच्या बोटांच्या बेचक्या तपासायच्या. नुसते हात ओले करून निसटणाऱ्याला त्या पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवत. पाळकसाहेबांचा मुलगाही त्यातून सुटला नव्हता. "देवाला तुझं मन दिसतं रे," त्या त्याला म्हणाल्या होत्या, "पेशंटला मात्र तुझे हातच लागतात." तासाभराची गाणी, वचन आणि प्रार्थना झाली की आम्ही त्याच हातांनी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात जाणार असायचो, त्यामुळे हा युक्तिवाद सगळ्यांना पटे.

एस्तेर साळवी या बाईंनी रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काढली होती. ठेंगणी, काटक मूर्ती, इस्त्रीची सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून घालून बोलतानाही त्यांचा डावा डोळा किंचित मिटलेला असे. नवख्या माणसाला वाटे की या आपल्यावर संशय घेत आहेत. खरे तर त्या संशय घेतही असत, पण तो माणसावर नसे. माणूस जे ठाम विधान करत असे, त्यावर असे.

मला हे पहिल्याच भेटीत कळले. पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी वर्षभर घरी आले होते. आईने तरुण संघात जाण्याचा लकडा लावला. मी गेले, आणि कोणाचा गैरसमज नको म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले की मी आईच्या आग्रहाखातर आले आहे, माझा देवावर विश्वास नाही. आजूबाजूचे चार जण चपापले. मावशींनी माझा विषय विचारला आणि मग म्हणाल्या, "मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह लिहायच्या आधी किती फील्ड बघतेस गो?"

भिंगाखाली एका वेळी दिसणारे वर्तुळ म्हणजे एक फील्ड. "शंभर," मी म्हणाले.

"आणि देवाची किती बघितलीस?"

मला हसू आले. "शंभर बघितल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "आहे म्हणायला एक पुरतं. घाई नाही, बघत राहा. तोवर बादल्या उचलायला ये, माणसं कमी पडतात." एवढ्या तर्कशुद्ध निमंत्रणाला नकार देणे माझ्या प्रशिक्षणात बसत नव्हते.

त्या तरुण संघात मावशींचा अधिकार कागदोपत्री काहीच नव्हता. त्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी नव्हत्या आणि गाणे तर त्यांना बेताचेच येई. गिटार आणावी की पेटीवरच गावे, या वादात त्यांनी दोन्ही पक्षांना सांगितले होते की सूर चुकला तरी चालेल, शब्द खोटा नको. जे आपण मानत नाही, त्या ओळीला गप्प बसावे. मी बऱ्याच ओळींना गप्प बसत असे आणि त्या ते बघत असत. साक्षीच्या वेळेलाही त्यांचा एक नियम होता. इतर ठिकाणी तरुण उठून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतात. आमच्याकडे स्वतःची साक्ष स्वतः द्यायची नाही. आठवड्यात दुसऱ्याच्या हातून झालेले एखादे चांगले काम पाहिले असेल, तर ते सांगायचे. "रिपोर्टवर सही दुसऱ्याची लागते," असे त्यांचे म्हणणे. परिणामी आम्ही आठवडाभर एकमेकांवर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बारीक नजर ठेवून असायचो, आणि त्या नजरेत, आश्चर्य म्हणजे, माणसे चांगली दिसू लागली.

त्या वर्षीच्या नाताळात आमच्यापैकी काहींनी घोंगड्या वाटायचे ठरवले. मोबाइलवर कुठल्याशा थंड मुलुखातल्या तरुणांचा व्हिडिओ आला होता. तो पाहून आमचाही उत्साह उसळला. फलकावर काय लिहायचे इथपर्यंत चर्चा पोचली. मावशींनी सगळे शांतपणे ऐकले. "रत्नागिरीत घोंगडी कोणाला हवी आहे रे?" त्यांनी विचारले. कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी आम्हांला जोडीजोडीने आंब्याच्या बागांमध्ये धाडले. तिथे मोहोरापासून फळ उतरेपर्यंत नेपाळी कुटुंबे राखणीला राहतात. त्यांना बूट हवे होते, गुडघ्यापर्यंतचे, कारण पाचोळ्यात पाय कशावर पडेल याचा भरवसा नसतो. एका बाईने लाजत लाजत आरसा मागितला. घोंगडीचे नाव निघताच तिचा नवरा इतका हसला की शेवटी आम्हीही हसलो. बूट दिले, आरसाही दिला, फलक राहूनच गेला. पुढे महिनाभर कोणी काही सुचवले की मावशी एवढेच विचारत, "घोंगडी नाही ना ही?"

विचारणे हे त्यांच्या अंगात भिनले होते. रक्त काढण्यापूर्वी तंत्रज्ञ रुग्णाला त्याचे नाव विचारतो, चिठ्ठीशी ताडून पाहतो आणि मगच त्याच्या दंडाला हात लावतो. "आधी नाव, मग हात," हे सूत्र त्यांनी वॉर्डातल्या सेवेलाही लावले होते. दारातच सगळ्यांचे मोबाइल त्यांच्या कापडी पिशवीत जमा होत, म्हणजे फोटोचा मोहच नको. आत पाणी भरायचे, परवानगीने नखे कापायची, ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्याजवळ बसायचे. आणि प्रार्थना रुग्णाने स्वतः मागितली तरच.

हा शेवटचा नियम शालोमने मोडला.

शालोम तेवीस वर्षांचा होता, जयगडच्या बंदरात कामाला. दर शनिवारी बसने यायचा, पाठीवर गिटार. त्याचा आवाज चर्चच्या कौलांना भिडायचा आणि मनात काडीचे कपट नव्हते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो एका वृद्ध रुग्णाजवळ बसला. पक्षाघाताने म्हाताऱ्याची वाचा गेली होती. त्याचे हाल शालोमला पाहवेनात. त्याने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. त्याच वेळी खाली चहा आणायला गेलेला म्हाताऱ्याचा मुलगा परत आला. वडिलांसाठी रजा काढून तो मुंबईहून आला होता. मी पलीकडच्या खाटेपाशी तांब्या भरत होते. मुलाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझ्या बापाला बोलता येत नाही, म्हणून त्याला विचारायचंही नाही काय?" तो म्हणाला.

शालोमने कपाळावरचा हात काढून घेतला. सोमवारी रुग्णालयाने आमची सेवा थांबवली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

चर्चमध्ये मात्र दोन तट पडले. एका पंचांचे म्हणणे, प्रार्थनेने कोणाचे नुकसान होत नाही, आपण निषेधाचे पत्र द्यावे. दुसऱ्यांना धास्ती वाटत होती. हे पोरांचे प्रकरण अंगाशी येण्याआधी तरुण संघच बंद करावा, असे ते म्हणाले. दोन शनिवारांत निर्णय घ्यायचे ठरले. काय पणाला लागले होते, ते मला नेमके दिसत होते. आमच्यातल्या निम्म्यांना चर्चशी बांधणारा धागा तो वॉर्डच होता. संघ मोडला असता, तर त्यांतले कितीतरी जण नाताळापुरतेच तिथे दिसले असते. मी तेवढीही दिसले नसते.

पुढच्या शनिवारी उपासनेत शालोम मागच्या बाकावर बसला. गाणी झाल्यावर मावशींनी त्याला उभे केले.

"त्या बाबांचं नाव काय रे?"

"बाबा... सात नंबरचे."

"सात नंबर खाटेचा. बाबांचं नाव?"

शालोमने मान खाली घातली. मावशींनी एकेकाला विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नाही, आणि मी हातभर अंतरावर होते. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दोन खाटा सोडून उभी होते मी. तुम्हांला शिकवते आणि मीच विचारलं नाही. म्हणजे एकट्या शालोमची चूक नव्हे ही." मग त्यांनी पंचांना निरोप धाडला की पत्र लिहू नये आणि संघही मोडू नये, आधी माफी मागायची आहे, ती मागून झाली की काय ते ठरवावे.

भेटीच्या वेळेत मावशी, शालोम आणि मी असे तिघे गेलो, इतर भेटीला येणाऱ्यांसारखे. मी दाराशी थांबले. शालोम म्हणाला, "माफ करा. मी न विचारता तुमच्या वडिलांना हात लावला." पुढचे पाठ केलेले वाक्य तो विसरला.

मुलगा स्टुलावर बसून होता. त्याने मावशींकडे पाहिले. "तुमच्यात असं चालतं काय?"

"नाही चालत. म्हणून तर आलो."

"मग तुम्ही लोक येता तरी कशाला?"

"पाणी भरायला. नखं कापायला. ज्याचं कोणी नाही त्याच्याजवळ बसायला," मावशी म्हणाल्या. "तुमच्या वडलांचं नाव काय?"

त्याने वडिलांची चादर सारखी केली. मग म्हणाला, "गंगाराम." माफ केले, असे काही तो म्हणाला नाही, आणि मावशींनीही ते मागितले नाही. आम्ही जिन्यापर्यंत आलो, तेव्हा तो मागून आला. खालून औषध आणायचे होते. पाच मिनिटे कोणी बसेल काय, असे त्याने मावशींना विचारले.

मावशींनी शालोमकडे पाहिले. पण त्याला काही न सांगता त्या मुलाकडेच वळल्या. "ह्याला बसवू?"

तो क्षणभर घुटमळला. "बसूदे. पण गप बसायचं."

शालोम बसला, दोन्ही तळवे स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवून. म्हाताऱ्याला खोकला आला, तेव्हा तो पुढे वाकला. "गंगारामबाबा, पाणी देऊ?" म्हाताऱ्याची पापणी सावकाश मिटून उघडेपर्यंत तो थांबला. मग त्याने चमचा उचलला. मी अनेक प्रयोगशाळांमध्ये अनेक काटेकोर हात पाहिले आहेत; इतका काटेकोर हात क्वचितच पाहिला असेल.

संघ मोडला नाही. पंचांनी निर्णय पुढे ढकलला आणि नंतर तो विषयच कोणी काढला नाही. वॉर्डाची परवानगी मात्र चार महिने मिळाली नाही, आणि मावशींनी त्यासाठी कोणाचा वशिला लावला नाही. त्यांनी आपल्या गोल, सुवाच्य अक्षरांत वॉर्डाचे नियम एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती दिले, एवढेच. आम्ही तोवर बागांमध्ये जात राहिलो. एका शनिवारी हात धुता धुता त्यांनी मला विचारले, किती फील्ड झाली. "सदतीस," मी म्हणाले, आणि माझ्या लक्षात आले की मी खरोखरच मोजत होते. शालोमची ती पापणीकडे लागलेली नजर मी त्यात धरली होती. "मोजत राहा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच्या बोटांकडे वळल्या.

परवानगी परत आली, तेव्हा त्यांचा तो कागद टाइप होऊन वॉर्डाच्या दारावर लागला होता. आता तो सगळ्यांनाच लागू आहे. उत्सवात फळे वाटायला येणारी मंडळाची मुले असोत, कॉलेजची पथके असोत की आम्ही, सगळे त्या दाराशी थांबतात आणि 'प्रथम रुग्णाचे नाव विचारावे' हे वाचून आत जातात. खाली कोणाचे नाव नाही. त्यांच्या नावाची पाटी लागावी, असे मला एकदा वाटले होते. मग तो कागद पुन्हा वाचला आणि पाटीचा विचार सोडून दिला. माझ्या संशोधन संस्थेत आज मोठमोठी नावे माझ्या आसपास वावरतात. माझा गुरू कोण, असे कोणी विचारले, तर मी रत्नागिरीच्या एका लॅब टेक्निशियनचे नाव सांगते. ते सांगताना मान ताठ होते.

गेल्या वर्षी त्या स्वतःच रुग्णालयात होत्या, स्त्रियांच्या वॉर्डात. हृदय थकले होते. मी बेंगळुरूहून रजा काढून आले. संघातली मुले पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसत होती आणि मावशी त्यांतल्या प्रत्येकाला दुसऱ्याच खाटांवर पिटाळत होत्या; इथे काय बघता, तिकडे त्यांना पाणी हवंय. त्या गेल्या, त्याच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळी शालोम जयगडहून आला. आता संघ तोच चालवतो. तो खाटेशी हात मागे बांधून उभा राहिला. त्यांनी डोळे उघडेपर्यंत थांबला.

"मावशी, प्रार्थना करू का?"

त्यांनी पलीकडच्या खाटेकडे पाहिले.

"कर," त्या म्हणाल्या. "पण हळू रे. पलीकडच्या बाईंना आत्ताच डोळा लागलाय."

कौलांना भिडणारा तो आवाज शालोमने इतका खाली आणला की खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मला एक शब्दही ऐकू आला नाही. फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. मग मावशींचेही हलू लागले. पलीकडच्या बाई कुशीवर वळल्या आणि तशाच झोपून राहिल्या.